चुकारा खात्यातून गेला तर: पहिल्या तासापासून पुढे काय करायचं

मागच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. मंगळवार, आमच्या गावचा बाजार. एक काकाजी माझ्या सेवा केंद्रात आले, पन्नीत गुंडाळलेलं पासबुक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पाय बरं बेटा, किती शिल्लक हाय."

मशीनवर अंगठा लावला. शिल्लक २१२ रुपये. चार-पाच दिवसांपूर्वी त्याच खात्यात सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, आला होता, ६१ हजार. मी काही बोलायच्या आत काकाजीच म्हणाले, "गेले ना?" त्यांना माहीत होतं. रविवारी संध्याकाळी एकामागून एक तीन मेसेज आले होते आणि त्यांनी ते तेव्हाच पुसून टाकले होते.

"मंग दोन दिस बोलले काऊन नाही?"

"कोनाले सांगू? पोट्टे हसतीन."

यवतमाळ जिल्ह्यात सेतूचं काम करताना मी अशी बरीच प्रकरणं हाताळली आहेत. चोर झारखंडात बसलेला असो की परदेशात, त्याला सगळ्यात जास्त मदत या दोन दिवसांची होते. म्हणून खाली जे लिहिते आहे, त्यात सगळ्यात जास्त जागा पहिल्या तासाला दिली आहे.

पहिला तास

पैसे गेल्याचा मेसेज दिसला की आधी फोनचं नेट बंद करा. वरची पट्टी खाली ओढली की विमानाचं चिन्ह दिसतं, ते दाबायचं. फोनमध्ये एखादं चोरटं ॲप शिरलं असेल, तर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाणं तिथंच थांबतं. मग शेजाऱ्याचा, सुनेचा, ज्याचा मिळेल त्याचा फोन घ्या आणि १९३० लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. रविवारी बँक बंद असते, हा क्रमांक बंद नसतो. लागायला वेळ लागतो. धीर धरा, पुन्हा लावा. एका माणसाने फोन लावत राहायचं आणि दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला घ्यायची, हे उत्तम.

पलीकडचा माणूस काय विचारतो ते आधीच कागदावर लिहून ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक. हा शेवटचा महत्त्वाचा. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो, त्याला यूटीआर म्हणतात. बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपच्या इतिहासात तो सापडतो. काकाजींनी मेसेज पुसले होते, त्यामुळे आम्हाला खात्याचा उतारा निघेपर्यंत थांबावं लागलं आणि त्यात आणखी अर्धा दिवस गेला. म्हणून काही म्हणजे काही पुसू नका. मेसेज, आलेले कॉल, व्हॉट्सॲपवर आलेली ती फाइल, सगळं तसंच राहू द्या. पोराने पाहिलं तर पाहू द्या.

एवढी घाई कशासाठी, ते शेतातल्या पाण्यावरून सांगते. ओलिताला दांड फुटला की पाणी आधी पहिल्या सरीत जातं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चोरीचा पैसाही असाच पळतो. तुमच्या खात्यातून तो एका भाड्याच्या खात्यात, म्हणजे चोराने पैसे देऊन वापरायला घेतलेल्या दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जातो, तिथून दोन-तीन खात्यांत फुटतो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतो. १९३० वर तक्रार नोंदली की ती त्या पहिल्या खात्याच्या बँकेकडे जाते. तिथं जेवढी रक्कम उरली असेल तेवढी गोठवली जाते. पुढे गेली असेल तर तक्रार पुढच्या बँकेच्या मागे लागते. ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. पाणी तिसऱ्या सरीत जिरलं की मग कोणीही काही करू शकत नाही.

फोनवरची नोंद झाली की तक्रारीचा क्रमांक मेसेजने येतो. काम तिथं संपत नाही. त्याच क्रमांकाने संकेतस्थळावर जाऊन २४ तासांत सविस्तर तक्रार पूर्ण करायची असते. बरेच लोक ही पायरी विसरतात. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराला किंवा सेतूवाल्याला सांगा. मात्र भरताना शेजारी बसा आणि छापील प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेत: पोच घेतल्याशिवाय निघू नका

बँकेला कळवायचा क्रमांक पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो. गूगलवर शोधू नका. तिथं चोरांनीच आपले क्रमांक बँकेच्या नावाने टाकून ठेवलेले असतात आणि एकदा लुटलेला माणूस दुसऱ्यांदा लुटला जातो. आमच्या केंद्रात अशी एक बाई येऊन गेली; पहिल्यांदा ४ हजार गेले होते, ते परत मिळवायला फोन केला तर आणखी ९ हजार गेले.

फोननंतर शाखेत लेखी अर्ज द्या. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. एका शाखेत मला "साहेब नाहीत, उद्या या" हे तीन वेळा ऐकावं लागलं. चौथ्यांदा मी अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवला आणि मगच गेले. तेव्हा साहेब होते.

तारखेचा एवढा आग्रह का, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमामुळे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी छिद्रातून पैसे गेले, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित भार येतो. साध्या मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५ हजार, इतर बचत खात्यांना १० हजार. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, हेही त्यातच आहे.

आता कडू भाग. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! म्हणजे अशा वेळीही तासातासाला किंमत आहे. अर्जात मात्र खरं लिहा. "मी काहीच केलं नाही" असं लिहिलं आणि नोंदीत ओटीपी दिलेला निघाला, तर पुढचं सगळंच लटकतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

पोलीस ठाणे

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकायला मिळालं तर शांतपणे सांगा, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवता येते, आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. तक्रारीचा क्रमांक, खात्याचा उतारा, आधारची झेरॉक्स, बँकेची पोच सोबत न्या. फोन चार्ज करून न्या, हेही सांगावं लागतं.

गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. अनेकदा कोर्टाचा आदेश लागतो, त्यासाठी ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्यामार्फत अर्ज करावा लागतो. यात महिने जातात.

फोन साफ करणं

काकाजींच्या फोनमध्ये चोर शिरला तो गावाच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरून. पीएम किसानच्या नावाची फाइल, शेवटी "एपीके" अशी तीन अक्षरं, आणि पाठवणारा नंबर गावातल्याच एका मान्यवराचा. त्या मान्यवराचा फोन आधीच ताब्यात गेलेला होता. फाइल उघडली, फोनने "अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का?" असं विचारलं, काकाजींनी हो म्हटलं. मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. "मले वाटलं सरकारचंच असन." त्या परवानगीपासून पुढचा प्रत्येक ओटीपी चोराच्याही फोनवर उमटत होता.

सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सॲपवर येत नाही. पीएम किसान असो, लाडकी बहीण असो की कर्जमाफीची यादी, एपीके फाइल आली की ती उघडायची नाही आणि ग्रुपवर लगेच ओरडून सांगायचं.

उघडलीच असेल, तर तक्रार नोंदवून झाल्यावर, पुरावे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवल्यावर, ते ॲप काढा. निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्या. यूपीआयचा पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा शाखेतून बदला. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून अनोळखी काही दिसलं तर काढून टाका. फोनवर *#२१# दाबलं की तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते कळतं, आणि ##००२# ने वळवणं बंद होतं.

अंगठा

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना वाटतं आपण सुटलो. पण आमच्याकडे अर्ध्या गावाचा पैसा अंगठ्यावर निघतो. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा; ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याचं आणि त्यावर सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. गावातली चोरी मात्र इतकी कारागिरीची नसते. "अंगठा लागला नाही आजी, अजून एकदा लावा" एवढंच वाक्य पुरतं. पहिल्या ठशाचे दोन हजार निघालेले असतात, दुसऱ्याचेही निघतात, आणि आजीच्या हातात एकदाचेच पडतात.

(मी स्वतः हेच मशीन चालवते, त्यामुळे हे लिहिताना काही ओळखीचे चेहरे नाराज होतील. होऊ द्या.)

अंगठा लावला की दर वेळी पावती मागा, व्यवहार फसला असला तरी. फसल्याचीसुद्धा पावती निघते. आणि आधारचा ठसा कुलूपबंद करून ठेवा. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉकची सोय आहे, आधारला मोबाइल जोडलेला असला की पाच मिनिटांचं काम. एक अडचण सांगते, कारण ती कोणी सांगत नाही आणि मग राशन दुकानात भांडणं होतात: कुलूप असताना राशनचा अंगठाही लागत नाही. त्या दिवशी थोड्या वेळासाठी उघडायचं. ज्या म्हातारीला हे दर महिन्याला करून देणारं घरात कोणी नाही, तिच्यासाठी मी कुलूप लावत नाही. त्यापेक्षा पैसे आले की काढून घ्यायचे आणि खात्यात थोडेच ठेवायचे, हे बरं.

खातं भाड्याने देणारी पोरं

आपण नेहमी लुटल्या गेलेल्यांबद्दलच बोलतो. पण वर ज्या "भाड्याच्या खात्यां"बद्दल लिहिलं, ती खाती कोणाची असतात? बारावी झालेल्या, काम नसलेल्या पोरांची. "तुझं खातं, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे." पोरगं देतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस घरी येते. "मला माहीत नव्हतं" हे तिथं फारसं चालत नाही, कारण पैसे घेतलेले असतात. पोराने असं खातं दिलं असेल तर आजच शाखेत जाऊन ते बंद करायला लावा आणि वकिलाच्या सल्ल्याने ठाण्यात सांगा.

कधीकधी मात्र निर्दोष माणसाचं खातं गोठतं. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, कापूस दिला, व्यापाऱ्याने यूपीआयने पैसे टाकले, आणि तो पैसा मागे कुठेतरी चोरीचा निघाला. अशा वेळी कामी येते काटा चिठ्ठी, म्हणजे कापसाच्या वजनाची पावती. ती विडी पेटवायला वापरू नका. चिठ्ठी, सातबारा आणि व्यापाऱ्याचा नंबर घेऊन बँकेला विचारा, कोणत्या ठाण्याच्या सांगण्यावरून आणि किती रकमेसाठी खातं अडवलं. मग त्या ठाण्याला लेखी पाठवा आणि वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करण्याची मागणी करा.

राहिलेलं थोडक्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. तसं कोणी सांगितलं की फोन ठेवा. "डिजिटल अरेस्ट" नावाची अटक कोणत्याच कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसली तरी फोन ठेवा. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं, नको ते तिथूनच बंद करायला सांगता येतं.

काकाजींच्या ६१ हजारांपैकी ११ हजार ४०० दुसऱ्या खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे रविवारी रात्रीच एटीएममधून निघाले होते. मी टेबलासमोरच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने १९३० लिहून लावलं आहे. काकाजी दर मंगळवारी त्याखालच्या स्टुलावर येऊन बसतात आणि विचारतात, "आलं का वं कोर्टातून काही?" तोवर कोणी नवीन माणूस पासबुक घेऊन आला, तर मी विचारायच्या आधी तेच विचारतात, "कवा गेले? मेसेज हाय का पुसला?"