गावाचा आराखडा मुंबईत बसून कसा वाचावा

लालबागला आमच्या गावमंडळाची खोली आहे. तिच्या भिंतीवर एक नकाशा टांगलाय. त्यावरचा हळदीचा डाग सत्यनारायणाच्या वेळचा, बाकी पेन्सिलीच्या खुणा माझ्या. मी फोर्टात एका आर्किटेक्टकडे चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाच्या नगरपंचायतीने विकास आराखडा, म्हणजे रस्ते, घरं, शाळा, बगीचे पुढे कुठे असतील ते ठरवणारा नकाशा, प्रसिद्ध केला, तेव्हा चाळीतले निम्मे चाकरमानी माझ्या दारात उभे. गावाहून चुलतभावाचा फोन आलाच होता : "दादा, रस्तो आपल्या न्हाणीतसून जातलो!"

सगळ्यात आधी मुंबईचे नियम डोक्यातून काढा. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठका ऐकून ऐकून आपल्याला एफएसआय, टीडीआर, म्हणजे किती बांधता येईल त्याची गणितं, सगळं पाठ झालेलं असतं. पण मुंबईची नियमावली वेगळी, डीसीपीआर २०३४ म्हणतात ती. गावाकडच्या नगरपंचायती आणि नगरपरिषदांना डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागते, आणि तिच्यातून मुंबई महापालिका वगळलेली आहे. दोन्हीकडे एकच असतो तो मूळ कायदा : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. पुढे मी जी कलमं सांगतो ती याच कायद्यातली.

आता नंबर. आमच्या घरात जमिनीच्या तुकड्याला 'माडाखालची' म्हणतात. नकाशाला माड कळत नाही, त्याला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लागतो. शेतजमीन असेल तर तो सातबाऱ्यावर मिळेल. घर गावठाणात असेल आणि तिथे नगर भूमापन झालेलं असेल, तर मालमत्ता पत्रक काढा. दोन्ही ऑनलाइन निघतात. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर घाबरू नका. हरकत घ्यायला मालकच असावं लागतं असं नाही, कोणीही घेऊ शकतो. पण वारसनोंदीच्या अर्जाला मात्र त्याच आठवड्यात हात घाला. पुढे मोबदल्याची वेळ आली की नाव लागतंच.

नंबर हातात आला की नगरपंचायतीत जाऊन त्या नंबरचा झोन दाखला (जमीन राहण्यासाठी, शेतीसाठी की कशासाठी ठेवलीय ते सांगणारा) आणि तेवढ्या भागाचा नकाशा, म्हणजे भाग नकाशा, मागा. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका. आमच्या ग्रुपवर आलेला फोटो तिरका काढलेला होता. त्यावरून तीन घरांनी आपापल्या घरावर रस्ता आहे असं धरलं, त्यातलं एक रस्त्याच्या चाळीस मीटर पलीकडे निघालं.

नकाशा समोर आला की आधी रंग पाहू नका, कोपऱ्यातलं प्रमाण पाहा. तिथे १:५००० लिहिलं असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची नुसती रेघसुद्धा अडीच मीटरची झाली. म्हणजे आमची अख्खी न्हाणी त्या रेघेच्या पोटात मावते! म्हणून "रेघ माझ्या भिंतीला लागते की नाही" याचा निकाल कागदावर पट्टी ठेवून लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, हातात ठेवा आणि रस्त्याची जागेवर आखणी करून द्या असं लेखी मागा. मोजणीला वेळ लागतो आणि पैसेही जातात. पण ज्यांनी ती केली नाही, त्यांचं हरकतींच्या सुनावणीत काय झालं ते मी पाहिलंय.

प्रस्तावांच्या नकाशाबरोबर आणखी एक नकाशा असतो, विद्यमान जमीन वापराचा. तो कोणी उघडत नाही. आराखडा करण्याआधी गावात काय काय उभं आहे ते त्यात नोंदवलेलं असतं. आमच्या वाडीतली सात घरं त्यात नव्हतीच, तिथे रिकामी जमीन रंगवलेली होती. माडांच्या झावळ्यांखालची कौलं वरून दिसली नसावीत, असा माझा आपला अंदाज. रिकाम्या जमिनीतून कोणीही सरळ रस्ताच काढील, मीसुद्धा काढला असता. त्यामुळे आमच्या हरकतीतला पहिला मुद्दा रस्त्याचा नव्हता. घर नकाशात नाही, हा होता. पुराव्याला घरपट्टीचा उतारा, जुनं वीजबिल आणि तारखेसह काढलेले फोटो जोडले.

मुदतीचं गणित कडक आहे. कलम २६ खाली प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीच्या कच्च्या, आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. आपल्यासारख्या गावांना तिथून तीस दिवस मिळतात. स्थानिक वर्तमानपत्र लालबागच्या स्टॉलवर येत नाही, तेव्हा गावातल्या एका माणसावर हे काम सोपवा. आम्हाला कळलं तेव्हा अकरा दिवस उलटून गेले होते.

हरकत कशी लिहायची? मंडळाने आधी एक छापील मजकूर काढला : "हा अन्यायकारक आराखडा रद्द करा." खाली सह्या, बरोबर जेवणाची पंगत. सह्या शंभरावर गेल्या. त्या सगळ्यांची सुनावणी एकत्र झाली आणि चहा निवायच्या आत संपलीसुद्धा. सुनावणी घेणाऱ्या समितीला त्या कागदावर करण्यासारखं काही नव्हतं. माझं म्हणणं असं की प्रत्येक घराने आपला वेगळा अर्ज द्यावा आणि तो एका पानाचाच असावा. वर सर्व्हे नंबर. मग नकाशात काय दाखवलंय आणि जागेवर काय आहे. शेवटी, काय करावं. हा शेवटचा भाग लोक गाळतात. नुसतं "नको" म्हटलं की नियोजन करणाऱ्याला रस्ता कुठून न्यायचा हा प्रश्न तसाच उरतो. आम्ही वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेची जुनी पाखाडी (पायवाट) ट्रेसिंगवर दाखवली, तिथून रस्ता नेला तर किती घरं वाचतात ते मोजून लिहिलं आणि पाखाडीलगतच्या दोन मालकांचं संमतिपत्र जोडलं. तो कागद समितीने टेबलावर पसरून पाहिला.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नुसता शिक्का नको, आवक क्रमांक आणि तारीख हवी. आणि पत्ता मुंबईचा लिहा, पिनकोड आणि मोबाइल नंबरासह! मी गावचा लिहिला. सुनावणीची नोटीस बंद घराच्या कडीत अडकवून पोस्टमन गेला. शेजारच्या काकी फुलं काढायला आल्या म्हणून ती सापडली. रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून, जनरल डब्यात उभ्याने, सकाळी पोहोचलो. जाणं शक्यच नसेल तर गावातल्या भावाला अधिकारपत्र द्या, आणि बोलायचं काय ते त्याला नकाशासमोर बसवून शिकवा. फोनवर सांगून ते होत नाही.

सुनावणी घेते ती कलम २८ खालची नियोजन समिती. तिच्यात नगरपंचायतीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. तिथे बोलायला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. पूर्वजांपासून सुरुवात करू नका. माझ्या पुढच्या गृहस्थांनी पोर्तुगीजांपासून केली. सर्व्हे नंबरावर यायच्या आत त्यांची वेळ संपली.

समितीने मान डोलावली म्हणजे काम झालं, असंही नाही. तिचा अहवाल नगरपंचायतीकडे जातो, तिथून आराखडा शासनाकडे, आणि मंजुरी कलम ३१ खाली होते. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. याला वगळलेला भाग किंवा ई.पी. म्हणतात. पहिल्या फेरीत सुटलेला माणूस या फेरीत अडकू शकतो. आमचा रस्ता शेवटी पाखाडीवरून गेला आणि बाराचा नऊ मीटर झाला. न्हाणी वाचली. कोपऱ्यावरच्या एकाची पडवी मात्र गेली, आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

गावात जागा विकत घेणाऱ्यांसाठी दोनच ओळी. एजंट "यलो झोन होणार आहे", म्हणजे जमीन राहण्याच्या झोनमध्ये येणार, असं म्हणाला, तर मंजूर आराखड्याचा झोन दाखला मागा. आणि नवं प्रारूप प्रसिद्ध झालेलं असेल तर तेही बघा, कारण बांधकाम परवानगी देताना कलम ४६ प्रमाणे त्याचाही विचार करावा लागतो.

राहिलं आरक्षण. जमिनीवर बगीचा, शाळा, बाजार असं काही आरक्षण पडलं आणि आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली तरी जमीन घेतली नाही, तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते. त्या नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती, त्याहीआधी सहा. नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलंय. नोटिशीबरोबर मालकीचे कागद लागतात, म्हणून वर वारसनोंदीचं म्हटलं. दहा वर्षं कधीपासून मोजायची ती तारीख मंजुरीच्या अधिसूचनेत असते. आमची मी सातबाऱ्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, मुलाला दाखवूनही झाली.