सत्तेचाळीस, त्रेसष्ट, एकोणीस : मानसशास्त्रातून इंटरफेस डिझाइनकडे येताना

ठाण्याच्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत असताना आम्हाला एक प्रात्यक्षिक होते. समोरच्याला आकड्यांची रांग वाचून दाखवायची, त्याने ती त्याच क्रमाने परत म्हणायची आणि रांग किती लांबली की तो चुकतो, याची जर्नलमध्ये नोंद करायची. मी ते गुणांपुरते केले. पुढे इंटरफेस डिझाइनच्या, म्हणजे ॲपचे पडदे वापरायला सोपे होतील असे आखण्याच्या कामात तोच प्रयोग पुन्हा समोर आला. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी तो प्रसंग सविस्तर सांगते.

ऐरोलीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका पतसंस्थेच्या मोबाइल ॲपचे काम आले होते. ओटीपी भरण्याच्या पडद्यावर मी सहा चौकोन काढले आणि तीन-तीनचे दोन गट दिसावेत म्हणून मध्ये जागा सोडली. पडदा सुबक दिसत होता आणि कार्यालयात कोणीही हरकत घेतली नाही. चाचणीसाठी आम्ही नौपाड्यात एका सभासद काकूंच्या घरी गेलो. ओटीपी आला, ४७६३१९. काकूंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले, "सत्तेचाळीस, त्रेसष्ट, एकोणीस." त्यांनी चार आणि सात भरले, सहा भरला आणि मोकळ्या जागेपाशी त्यांचे बोट थबकले. तोवर वर आलेली सूचना नाहीशी झाली होती. "त्रेसष्टच होतं ना गं?" असे विचारत त्या मेसेज उघडायला गेल्या आणि परत आल्या, तेव्हा भरलेले चौकोन रिकामे झाले होते. "माझंच डोकं हल्ली चालत नाही," असे म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला.

मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो आणि सहा नंतर, पण लिहिताना सहा आधी येतो. ही उलटापालट आपण जन्मभर करत आलो असल्यामुळे ती जाणवत नाही. मात्र त्यासाठी ती जोडी मनात अखंड राहावी लागते. माझ्या मोकळ्या जागेने नेमकी तीच जोडी मधोमध तोडली होती. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी मांडली. ती मोजायची असते अर्थपूर्ण गठ्ठ्यांमध्ये, सुट्या आकड्यांमध्ये नव्हे. पुढे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा चार गठ्ठ्यांच्या आसपास असल्याचे मांडले. काकूंच्या मनात सहा आकडे नव्हतेच, तीन गठ्ठे होते. आम्ही चौकोनांच्या तीन जोड्या केल्या, बाहेर जाऊन परत आले तरी भरलेले आकडे टिकतील असे पाहिले आणि मेसेजमधला ओटीपी कीबोर्डच्या वरच सुचवला जाईल अशी सोय केली. यातली शेवटची सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही.

मिलर यांचे नाव पुढे करून 'मेनूमध्ये सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत' असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करावा लागत नाही. तिथे नावे नेमकी आहेत का आणि जवळच्या गोष्टी जवळ ठेवल्या आहेत का, हे पाहावे.

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा १९५४ सालचा नियमही असाच माणसांत जाऊन समजून घ्यावा लागतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे नेमके पोहोचायला वेळ जास्त लागतो, हे वाचताना अगदी उघड वाटते. सकाळच्या गर्दीत ठाणे–वाशी लोकलमध्ये उभे राहून पाहा. एका हातात कडी, दुसऱ्या हातात फोन, सगळे काम एकट्या अंगठ्यावर, आणि वरच्या कोपऱ्यातले बारीक बटण गाठायला माणूस फोन तळहातात कसा सरकवतो, तेही पाहा. 'रद्द करा' आणि 'पैसे भरा' शेजारी शेजारी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे तिथे एका धक्क्यात कळते.

चाचणी घेताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा : "कसं वाटलं?" असे विचारू नका. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोणी वाईट सांगत नाही, "छान आहे हो" म्हणून चहा पुढे करतात. त्याऐवजी "या महिन्याचा आरडीचा हप्ता भरून दाखवाल का?" असे काम सांगा आणि गप्प बसा. मदत करण्याचा मोह फार होतो, तो आवरा. माणूस स्वतःला दोष देऊ लागला, की ते वाक्य शब्दशः टिपून घ्या. डिझाइनवर लिहिणारे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी हे पूर्वीच लिहून ठेवले आहे की वस्तूची रचना फसली तरी वापरणारे दोष स्वतःकडेच घेतात.

शिक्षणाचे म्हणाल, तर पवईला आयआयटी मुंबईत १९६९ पासून चालत आलेले आयडीसी हे डिझाइन शिकवणारे केंद्र आहे. तिथल्या एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड (CEED) ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि पदवीचा विषय डिझाइनच असावा अशी अट तिला नाही. मी त्या वाटेने गेले नाही. फिग्मा हे पडदे आखायचे सॉफ्टवेअर हाताशी यायला मला थोडेच आठवडे लागले, पण बी.ए.तली संख्याशास्त्राची आणि प्रयोगरचनेची सवय रोज कामी येते, म्हणून ते पेपर टाळू नका.

हेच ज्ञान माणसांना अडकवायलाही वापरले जाते. अशा फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून मनाई केली आहे. ती यादी पहिल्या नोकरीआधीच वाचा, म्हणजे वरिष्ठांना नकार देताना हाताशी आधार राहील.

पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या कामांच्या संग्रहात, केवळ देखणे अंतिम पडदे लावू नका. माझ्या पोर्टफोलिओच्या पहिल्याच पानावर तो तीन-तीन चौकोनांचा फसलेला पडदा आहे आणि त्याखाली काकूंचे वाक्य आहे. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत त्याच पानावर सर्वाधिक वेळ बोलणे झाले.