वाळवंटात पाणी वाढवताना पर्यावरणाचा हिशोब कसा मांडायचा (थारच्या उदाहरणावरून)

वाळवंटी भागात पाणीपुरवठा वाढवायचा प्रोजेक्ट आला की रिपोर्टची बहुतेक पानं पाणी कुठून उचलणार, पाइप किती जाड, पंप किती यातच जातात. ते लागतंच, पण सगळ्यात आधी हे विचारा की आलेलं पाणी वापरून झाल्यावर जाणार कुठे. जैसलमेर-बिकानेरकडे पाणी समुद्राला नेणारी नदीच नाही, म्हणजे आणलेलं पाणी उडून जाणार नाहीतर जमिनीत मुरणार.

जोधपूरचं बघा. 1990 च्या दशकात राजीव गांधी लिफ्ट कालव्यातून (पंपाने पाणी वर चढवणारा कालवा) इंदिरा गांधी कालव्याचं, म्हणजे पंजाबातून राजस्थानात येणारं पाणी शहरात आलं, मग लोकांनी जुन्या विहिरी-बावड्यांचा उपसा सोडला, वरून पाइपांची आणि गटारांची गळती, आणि भूजल इतकं वर आलं की जुन्या शहरात तळघरांत पाणी साचायला लागलं, पंप लावून उपसायची वेळ आली. शहराजवळच्या कायलाना-तख्तसागर या साठवण तलावांतून पाझर होतो का हाही वाद झाला. पाणी आणताना सांडपाण्याचा आणि जुन्या विहिरींचा विचार सोबतच व्हायला हवा होता असं मला ठाम वाटतं.

म्हणून पहिला हिशोब सांडपाण्याचा. शहरासाठी माणशी रोज 135 लिटर धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं इंजिनियर लोक मानतात. म्हणजे 1 लाख वस्तीला रोज 1 कोटी 35 लाख लिटर दिलं तर 1 कोटी 8 लाख लिटर परत बाहेर येणार. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) किती क्षमतेचा आहे, खरंच चालतो का, तिथलं पाणी पुढे कोण घेतं, हे जागेवर जाऊन बघा, कागदावर विश्वास ठेवू नका.

दुसरा हिशोब भूजलाचा, आणि इथे घाई अजिबात नको. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं, ते जुने आकडे काढा आणि किमान 10 वर्षांचा ग्राफ करा. जमिनीखाली 2 मीटरच्या आत पाणी आलं की ती जमीन चिबड (पाणी साचून बिघडलेली), 2 ते 3 मीटर म्हणजे धोक्याची. समजा आज पातळी 40 मीटरवर आहे आणि वर्षाला 1 मीटर वर येतेय, तर धोक्याच्या रेषेला 37 वर्षं, ऐकायला लांब वाटतं पण पाइपलाइन बांधतो ती तेवढ्याच काळासाठी. मग बोअर घेऊन बघा खाली काय आहे. बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर भागात जिप्समचा कडक थर आहे, पाणी त्याच्या खाली उतरत नाही, वरच साचतं आणि क्षार वर ओढून आणतं. आपल्याकडे शिरोळमध्ये ऊसाच्या रानाचं जे झालं, क्षारपड, तेच. मात्र सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकू नका, हनुमानगडकडे बडोपलच्या आसपास कालव्याच्या पाझराबरोबर घग्गर नदीचं पुराचं पाणी वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगटात सोडलं होतं, त्याचाही वाटा आहे.

साठवण तलाव उघडा असेल तर बाष्पीभवन मोजा. थारमध्ये उघड्या पाण्यावरून वर्षाला 2 मीटरपेक्षा जास्त पाणी उडतं, म्हणजे 1 हेक्टर तलावातून 2 कोटी लिटरच्या वर. नहरबंदीच्या (दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात त्या) काळासाठी साठा तर लागतोच, त्यामुळे तलाव खोल आणि कमी पसरट ठेवला तर काय फरक पडतो ते डिझाइनवाल्यांकडून लिहून घ्या.

उगमाकडे क्वालिटी तपासा. कालव्याचं पाणी पंजाबातल्या हरिकेवरून येतं, सतलज-बियासच्या संगमावरून, आणि लुधियाना शहराची घाण वाहून नेणारा बुढा नाला त्याच्या वरच सतलजला मिळतो. नहरबंदी संपून पहिलं पाणी सुटतं तेव्हाचा सँपल नक्की घ्या, धातूंसकट टेस्ट करा, एकाच शांत महिन्याचा रिपोर्ट चालणार नाही.

आता जिवांचं. सेवण गवताची कुरणं रिपोर्टमध्ये पडीक जमीन म्हणून लिहून मोकळे होतात, आणि तीच माळढोकाची (तिकडे गोडावण म्हणतात) जागा. पाणी आलं की कुरण फोडून शेती होते, हा परिणाम पाइपच्या पट्ट्यात दिसत नाही, म्हणून अभ्यासाचा नकाशा पाणी जिथवर पोचणार तिथवर ओढा. ओरण (देवराई), खडीन (पावसाचं पाणी अडवून केलेली शेतं), टांके (पावसाचं पाणी साठवायची भूमिगत टाकी), बेरी (छोट्या विहिरी) यांची गावकऱ्यांसोबत फिरून नोंद करा, कुठल्या टांक्याचं आगोर (ज्या जमिनीवरून पाणी टांक्यात येतं ती) पाइपच्या खोदाईने तुटतंय ते म्हातारी माणसं लगेच दाखवतात. डासही विसरू नका, टांक्यात स्टीफेन्सी आणि कालव्याच्या साचलेल्या पाण्यात क्युलिसिफेसीस, हे दोन्ही मलेरिया पसरवणारे डास, 1994 मध्ये थारमध्ये मलेरियाची मोठी साथ येऊन गेलीय.

कायद्याचं थोडक्यात: 2006 च्या ईआयए (पर्यावरण परिणाम तपासणी) अधिसूचनेच्या यादीत सिंचन प्रकल्प आहेत, निव्वळ पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन नाही, त्यामुळे जनसुनावणी होईलच असं धरू नका, ग्रामसभेत स्वतः विषय काढा. आणि मंजुरीआधी तीन गोष्टी लेखी मागा: निरीक्षण विहिरी कुठे, वाचन कोण घेणार, आणि पातळी जमिनीखाली 6 मीटरपेक्षा जवळ आली तर उपसा कुणाच्या खर्चाने सुरू होणार.