फिशटँकचे घरगुती जुगाड: या चुका टाळा

दोन फूट बाय एक बाय एकची टाकी काठोकाठ भरली की जवळजवळ ५६ लिटर पाणी होतं. त्या पाण्यात आणि त्याच्या काठावर विजेवर चालणाऱ्या तीन-चार वस्तू असतात. त्या सांभाळायला फार खर्च येत नाही. प्लंबरकडे उरलेला पाइपचा तुकडा, साधा फोम, नायलॉनचे टाय एवढ्यात बहुतेक कामं होतात, आणि मी वर्षानुवर्षं तशीच करतो. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो, कारण बिघडलेला पंप बदलता येतो, मेलेला मासा नाही.

एअर पंप टाकीच्या खाली ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीनं होताना पाहिलंय. पंपाचा आवाज होतो म्हणून लोक तो स्टँडखालच्या कपाटात टाकतात. जोवर लाइट आहे तोवर ठीक. लाइट गेली की नळीतला हवेचा दाब संपतो, पाणी नळीत मागे चढतं, आणि एकदा का ते काठावरून खाली उतरलं की सायफन सुरू होतो, म्हणजे पाणी नळीतून आपोआप ओढलं जाऊन खाली वाहत राहतं. मग एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, जिथे असेल त्या पातळीपर्यंत टाकी रिकामी होऊ शकते.

आमच्या शेजारचा मुलगा एका सकाळी दारात आला, "काका, टाकीतलं पाणी आपोआप कमी झालंय." जाऊन बघितलं तर पाणी चांगलं चार बोटं उतरलेलं. कपाट उघडलं. पंपाच्या तळाशी पाण्याचा एक टपोरा थेंब लोंबकळत होता, आणि त्याच्या बरोबर खाली एक्स्टेंशन बोर्ड. रात्री लाइट गेली होती. पहाटे ती आली तेव्हा बोर्डात फट् झालं आणि एमसीबी पडली. बोर्डाच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग, प्लायला जळका वास. मासे वाचले ते एअर स्टोन लाकडाच्या ओंडक्याला वरच्या बाजूला बांधला होता म्हणून. त्यानं आधीच हात घातला नाही, मला हाक मारली, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं.

पंप पाण्याच्या पातळीच्या वरच ठेवा. भिंतीत एक खिळा आणि खाली जाड फोमचा तुकडा, आवाजही निम्मा होतो. जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं हवा जाऊ देणारी झडप, बसवा. अगदी स्वस्तात मिळतो. लावण्याआधी दोन्ही बाजूंनी तोंडानं फुंकून बघा. ज्या बाजूनं फुंकल्यावर हवा आरपार जाते ती पंपाकडे. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह काढून देण्याची पाळी माझ्यावर कितीदा आलीय! माझ्या टाक्यांना पंप वर आहे आणि व्हॉल्व्हही आहे. रबर कडक झालं की व्हॉल्व्ह गळतो, म्हणून एकट्यावर भरवसा ठेवत नाही.

आणि प्रत्येक वायरीला झोळ द्या. वायर बोर्डापेक्षा वीतभर खाली उतरून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. याला शून्य रुपये लागतात. तरीही दहा टाक्यांमध्ये एखादीलाच झोळ दिसतो.

बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा असेल तर वायरीची भोकं डब्याच्या खालच्या बाजूला पाडा, झाकणाला नाही. अॅडॉप्टर मात्र बंद डब्यात कोंडू नका, तापतात.

हीटरला पाइप घालताना घाई

ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांना हीटर झाकावाच लागतो. हे मासे अंगानं दणकट, हीटरला धडका देतात आणि काच फुटते. फुटलेल्या हीटरच्या टाकीत हात घालण्याआधी मेन बंद करा, नुसता हीटरचा स्विच नाही.

झाकायला पीव्हीसी पाइप उत्तम. चूक होते ती भोकांत. लोक पाच-सहा भोकं पाडून मोकळे होतात. मग पाइपातलं पाणी तिथल्या तिथे तापतं, हीटरमधल्या थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या भागाला, वाटतं टाकी गरम झाली, आणि तो हीटर बंद करतो. हीटरचा दिवा विझलेला बघून आपण निर्धास्त, आणि नाशिक-पुण्याच्या थंडीत मासे तळाशी गोठून बसलेले. मी स्वतः एका डिसेंबरात हे भोगलंय. हीटर बिघडला म्हणून नवा आणला, त्याचंही तेच. पाइप बाहेर काढल्यावर दोन तासांत पाणी २१ वरून २५ अंशांवर आलं.

आता मी पाइपाची निम्म्याहून जास्त भिंत भोकांनी उघडी करतो. भोकं ड्रिलनं, तापल्या सळईनं नाही, कारण वितळलेल्या कडा बोचऱ्या राहतात आणि माशाचे खवले सोलतात. प्रत्येक कड पॉलिश पेपरनं घासायची, बोट फिरवून बघायचं. हीटरची काच पाइपाला कुठेही टेकता कामा नये. हा पाइपचा गार्ड फिल्टरच्या धारेजवळ, आणि थर्मामीटर टाकीच्या दुसऱ्या टोकाला. यात एक अख्खी दुपार जाते. ज्यांना वीस मिनिटांत गार्ड हवाय त्यांनी विकतचा आणावा.

पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या काचेला गार पाणी लागलं की ती तडकते. मी बादली उचलण्याआधी स्विचवर कपड्यांचा चिमटा लावतो. टाकी पुन्हा भरल्याशिवाय तो निघत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावणं चांगलंच, पिलं आत ओढली जात नाहीत. पण भांडी घासायचा स्पंज नको, त्यात जंतुनाशक असू शकतं. साधा, बिनरंगी फोम घ्या आणि दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. तो तुंबला की मोटर तापते.

तांब्याची तार टाकीत कशालाही बांधू नका, कोळंबी आणि गोगलगायी मरतात. जस्त चढवलेली बाइंडिंगची तारही नको. नायलॉनचे टाय वापरा.

बाथरूमच्या फटी बुजवायचं बुरशीरोधक सिलिकॉन टाकीत चालत नाही, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. साधं सिलिकॉन लावल्यावर निदान ४८ तास थांबा. रात्री लावून सकाळी पाणी भरणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही, त्यांच्या माशांबद्दल आहे.

फिल्टरच्या रबरी रिंगेला खोबरेल किंवा व्हॅसलिन नको. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी फार दिवस पुरते.

बोअरच्या पाण्यानं इम्पेलरवर, म्हणजे फिल्टरच्या मोटरीतल्या पाणी ढकलणाऱ्या छोट्या पंख्यावर, पांढरे क्षार जमले तर चाकूनं खरवडू नका. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा.

कुठलाही नवा जुगाड बसवला की मी टाकीखाली जुनं वर्तमानपत्र पसरतो आणि त्या खोलीची मेन दोन तास मुद्दाम बंद ठेवतो. मग टॉर्च घेऊन स्टँडखाली वाकून बघतो. कागदावर एखादा जरी ओला ठिपका दिसला, तरी लाइट चालू न करता सगळं पुन्हा उतरवतो.