डिजिटल मोडसाठी साउंड इंटरफेस निवडताना

संगणक आणि रेडिओ यांच्यात आवाजाची ने-आण करणाऱ्या साउंड इंटरफेसच्या जाहिरातींत १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट असे आकडे ठळक छापलेले असतात. हॅम (हौशी) रेडिओच्या डिजिटल मोडसाठी, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या सुरांतून संदेश पाठवण्यासाठी, त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. एसएसबी (सिंगल साइडबँड) रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, येणारा आवाज साधारण ३ किलोहर्ट्झपर्यंतच असतो, आणि जो टेलर व स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या एफटी८ या डिजिटल मोडचा सिग्नल त्यातली जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचे साधे साउंड कार्ड त्याला पुरते.

आधी रिगची मागची बाजू पाहावी. आयकॉमच्या आयसी-७३०० किंवा याएसूच्या एफटी-९९१ए मध्ये साउंड कार्ड आतच असते आणि एकाच यूएसबी केबलवरून आवाज, पीटीटी (ट्रान्समिट चालू-बंद करणे) आणि कॅट (संगणकावरून रिगचे) नियंत्रण हे सारे चालते. अशा रिगसाठी वेगळा इंटरफेस घेणे म्हणजे बिघाडाला एक जागा वाढवणे होय. जुन्या रिगला डेटा जॅक असेल, तर माइकऐवजी तोच वापरावा, कारण तिथून मिळणाऱ्या आवाजाची पातळी सहसा व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून नसते.

इंटरफेस घ्यावाच लागला, तर सर्वाधिक चौकशी आयसोलेशनची, म्हणजे संगणक आणि रिग विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवण्याच्या सोयीची, करावी. संगणक आणि रिग यांचे ग्राउंड थेट जोडले गेले की ग्राउंड लूप तयार होऊन सिग्नलमध्ये हम (गुणगुण) शिरू शकतो. म्हणून जाणाऱ्या व येणाऱ्या दोन्ही ऑडिओ मार्गांवर ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीवर ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने संकेत पोचवणारा भाग) असावा. वर्णनावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर लावावा: इंटरफेस दोन्हीकडून सुटा ठेवून यूएसबी प्लगचे धातूचे कवच आणि रिगकडच्या प्लगचा ग्राउंड यांच्यात कंटिन्युइटी तपासावी. बीप वाजला, तर ग्राउंड वेगळे केलेले नाहीत. मात्र कॅटची स्वतंत्र, आयसोलेशन नसलेली केबल त्याच संगणकाला जोडली, तर उत्तम ट्रान्सफॉर्मरही निरुपयोगी ठरतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पीटीटीसाठी कॅट किंवा सिरियल पोर्टची आरटीएस लाइन (संगणकाने चालू-बंद करता येणारी तार) अधिक भरवशाची. व्हॉक्सवर (आवाज येताच आपोआप ट्रान्समिट सुरू करणाऱ्या सोयीवर) चालणारा इंटरफेस सोपा खरा, पण संगणकाची सूचनेची घंटासुद्धा त्यातून प्रसारित होऊ शकते. त्यामुळे संगणकाचे इतर आवाज त्या कार्डावर जाणार नाहीत अशी व्यवस्था हवी.

ट्रान्समिट आणि रिसीव्ह पातळीची बटणे बाहेरून फिरवता येणारी असावीत. एफटी८ चालवणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्राममध्ये बँडवर नुसता नॉइज असताना मीटर ३० डेसिबलच्या आसपास ठेवावा, आणि ट्रान्समिट करताना एएलसीचा (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलू लागण्याच्या आतच पातळी थांबवावी. एफटी८मध्ये दर १५ सेकंदांपैकी १२.६४ सेकंद ट्रान्समीटर सलग चालतो, त्यामुळे रिगची पॉवरही कमी ठेवलेली बरी.

ट्रान्समिट करताच यूएसबी तुटत असेल, तर इंटरफेस बदलण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट (रेडिओ लहरींचा उपद्रव रोखणारे कडे) लावून पाहावे.