हीथकिटचा रंगीत टीव्ही जोडताय? आधी रेझिस्टर खोक्यात खोचा

हीथकिट म्हणजे सुटे भाग आणि पुस्तिका देऊन घरी जोडायचे इलेक्ट्रॉनिक संच विकणारी अमेरिकन कंपनी. तिचा १९६०-७० च्या दशकातला न जोडलेला रंगीत टीव्ही हाती आला, की सगळ्यात जास्त वेळ खातात ते रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारे छोटे भाग. त्यांची किंमत (रोध किती ओहम) अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायची: पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम, पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७. जुन्या रंगात लाल आणि नारिंगी दिव्याखाली सारखेच दिसतात.

१. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापा. कडेला ओळीने भोकं दिसतील.

२. एकेक रेझिस्टर मल्टिमीटरवर (ओहम, व्होल्ट मोजायचं यंत्र) मोजा. ही पायरी अजिबात टाळू नका. जुने कार्बनचे रेझिस्टर ओल धरतात आणि त्यांची ओहममधली किंमत वाढत जाते. चंदेरी पट्टी असेल तर १० टक्के फरक चालतो, म्हणजे ४.७ चा रेझिस्टर ५.१७ च्या वर गेला की बाद.

३. पास झालेला भोकात खोचा, खाली पेन्सिलने किंमत लिहा.

४. पुस्तिकेतल्या प्रत्येक पायरीपुढे कंस असतो. सोल्डर झाल्यावरच त्यात खूण करा, आधी नाही.

पुठ्ठ्यावर शेवटी एखादा रेझिस्टर उरला, तर चूक तिथल्या तिथे कळते.

जपायचं एकच: सेट एकदा चालू केला की पिक्चर ट्यूबवर २० हजारांहून जास्त व्होल्ट येतात आणि प्लग काढल्यावरही टिकतात. ट्यूब डिस्चार्ज केल्याशिवाय, म्हणजे तिच्यात साठलेली वीज काढून टाकल्याशिवाय, आत हात घालू नका.