परवाना नसलेला सावकार: ओळख, पुरावा आणि सुटका

व्याजाने पैसे देणं हा मुळात गुन्हा नाही, परवान्याशिवाय तो धंदा करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. त्यानुसार विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना सहकार खातं देतं. त्यामुळे एखाद्याकडे परवाना आहे की नाही, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारायचं. परवान्यावर कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. जुना, मुदत संपलेला परवाना काचेत लावून ठेवणारे आहेत, म्हणून तारीखही बघा.

अडीनडीला एकदा हातउसने देणारा मित्र किंवा नातेवाईक सावकार ठरत नाही. धंदा म्हणून अनेकांना व्याजाने पैसे देणारा ठरतो. हा फरक पुढे तक्रारीत फार कामाला येतो.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे दर. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के घेता येतात. इतरांसाठी हेच दर १५ आणि १८ टक्के आहेत. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आता बाजारातली भाषा बघा: ‘शेकडा दहा’ म्हणजे महिन्याला दहा टक्के. ५० हजारांवर पहिल्या महिन्याचे ५ हजार आधीच कापून हातात ४५ हजार येतात आणि वर्षभरात व्याजच ६० हजार होतं. कायद्याच्या १८ टक्क्यांनी तेच व्याज वर्षाला ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५० झालं असतं. रोजच्या वसुलीचा हिशोब त्याहून फसवा. १० हजार लिहून साडेआठ हजार हातात द्यायचे आणि १०० दिवस रोज शंभर घ्यायचे. दीड हजारच तर जास्त गेले, असं वाटतं. पण मुद्दल रोज फिटत असल्याने दर वर्षाला शंभर टक्क्यांच्या बराच वर जातो.

दुसरी खूण कागदाची. परवानाधारकाला हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, पावती आणि खातेउतारा द्यावा लागतो. बेकायदा सावकार तुमच्याकडून कागद घेतो, तुम्हाला मात्र देत नाही. कोरे चेक, कोऱ्या स्टँप पेपरवर सह्या, एटीएम कार्ड आणि पिन, शेतीचं किंवा घराचं थेट खरेदीखत, हे सगळं त्याच्याकडे जातं. ‘पैसे फिटले की परत खरेदी करून देतो’ हा शब्द तोंडी राहतो. सगळ्यात महाग पडतं ते खरेदीखतच, कारण कर्ज होतं याचा त्यात मागमूस नसतो.

तक्रारीची कुणकुण त्याला लागू देऊ नका. तालुक्याला अर्ज गेल्यावर अधिकारी पंच आणि पोलीस घेऊन झडती घेऊ शकतात आणि कोरे चेक, स्टँप, डायऱ्या सापडल्या की प्रकरण उभं राहतं. आधीच धमकावून आलात, तर कपाट रिकामं सापडतं.

अर्जाआधी एका कागदावर तारीखवार मांडा: किती घेतले, हातात किती आले, कधी किती दिले, साक्षीला कोण होतं, कोणते कागद दिले, ते तो कुठे ठेवतो. बँकेचा उतारा, यूपीआयच्या नोंदी, मेसेज, फोन रेकॉर्डिंग जोडा. मध्ये काही द्यावंच लागलं तर रोख नको, खात्यावर पाठवा. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांना द्या, प्रत जिल्हा उपनिबंधकांना, आणि दोन्हीकडे शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

जमीन किंवा घर गेलं असेल तर याच सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतला व्यवहार यात येतो. सावकारीतलं तारणच होतं असं चौकशीत ठरलं, तर ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश निघू शकतो. पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: समोरचा सावकारी करतो आणि ही मालमत्ता कर्जापोटी दिली होती. बरेच अर्ज पहिल्या मुद्द्यावर पडतात, कारण अर्जदार फक्त स्वतःचीच कथा सांगतो. दुय्यम निबंधकांच्या नोंदींतून त्याच माणसाच्या नावावर झालेल्या इतर खरेदीखतांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा आणि त्या विक्रेत्यांशी बोला. दुसऱ्या मुद्द्यासाठी, खरेदीनंतरही ताबा आणि पेरणी तुमचीच राहिली का, लिहिलेली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, किती कमी होती, हे दाखवा. फेरफाराची नोटीस आली तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. निकाल विरुद्ध गेला तर एका महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील करता येतं. ‘व्यवहार खरेदीचाच होता’ अशा तडजोडीच्या कागदावर कुठेही, पोलीस ठाण्यातसुद्धा, सही करू नका.

कोरा चेक वटवायला टाकून तो परत गेला आणि वकिलाची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर द्या. गप्प बसलं की चेक देण्यामागची खरी हकिकत सांगायची पहिली संधी हातची जाते. फक्त ‘स्टॉप पेमेंट’ केल्याने, म्हणजे चेकचे पैसे देऊ नका असं बँकेला कळवल्याने, खटला टळेल असं समजू नका. उलट, सावकारी करणाऱ्याने वसुलीचा दावा लावला, तर कर्ज देताना त्याच्याकडे वैध परवाना असल्याची खात्री झाल्याशिवाय न्यायालय त्याला हुकूमनामा देत नाही. हा मुद्दा तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला मांडला पाहिजे.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अटही नाही. चौकशीसाठी १५१००. दारात येऊन धमकी, मारहाण, जनावरं किंवा गाडी ओढून नेणं सुरू असेल तर थांबू नका, ११२ ला फोन करा. कर्ज देणाऱ्या अॅपवाल्यांनी फोटो बदलून नातेवाइकांना पाठवले असतील तर १९३० वर तक्रार करा, पण अॅप काढून टाकण्याआधी सगळे स्क्रीनशॉट आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील ठेवा. आणि रात्री झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा चोवीस तास सुरू असते.